कुसाबाईंचे उपास

टिप्या कुत्र्याने आजही दूधभाकरीला तोंड लावलं नाही.

"लाडावलाय नुसता," कुसाबाईंचा मुलगा रोहित म्हणाला.

कुसाबाई मात्र सुनेला म्हणाल्या, "नखरे नाय गं ते, निकिता. खाल्लं की परसाकडं बसावं लागंल, अन् तिथं लय दुखतंय त्याला. त्या भीतीनं खात नाय."

पंचवटीतल्या डॉक्टरांनी शेपटी वर करून पाहिलं, तर शीच्या जागेपाशी गळू पिकलेलं. पू काढून त्यांनी औषध दिलं. "बरं झालं, वेळेत ओळखलंत."

संध्याकाळी टिप्याने ताटली चाटूनपुसून साफ केली. निकिताने सासूबाईंचं ताट वाढलं.

"मला नको. उपास हाय."

निकिता थबकली. हल्ली सासूबाईंचे उपास फारच वाढले होते. ती त्यांच्याजवळ बसली.

"आई, तुम्हाला कधीपासून दुखतंय?"

कुसाबाईंचे डोळे भरले. टिप्याला कुशीत ओढून त्या पुटपुटल्या, "लय उपकार झाले रे बाबा तुझे."