जेवलीस का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅक्सचं काम शिकायला आलेल्या इंटर्नला अकाउंटिंग फर्ममध्ये पहिल्या दिवशी शिकवलं गेलं, ते फोन उचलणं.

"दुपारी या टेबलावरचा फोन वाजेल. पलीकडून 'जेवलीस का?' विचारतील. 'हो आई, जेवले' म्हणायचं आणि ठेवायचं," हेडक्लार्क बाईंनी बजावलं. "जास्त हुशारी नको. ती रिटर्न भरताना दाखव."

"पण आई कोणाची?"

"या खुर्चीत आधी बसायची, तिची. मागच्या सीझनला घरी जाताना अपघातात गेली पोरगी. आईला ते पटतच नाही."

फोन रोज यायचा. तो वाजला की अख्ख्या ऑफिसचे कीबोर्ड थांबायचे आणि सर केबिनच्या दारात येऊन उभे राहायचे. इंटर्नचं "हो आई, जेवले" ऐकल्यावरच सगळ्यांचे डबे उघडायचे. पुढे पुढे सर तिला त्या मुलीच्याच नावानं हाक मारू लागले. कहर म्हणजे, तीही ओ देऊ लागली.

शेवटच्या दिवशी मात्र तिला राहवेना. रिसीव्हर तोंडाशी धरून ती कुजबुजली, "काकू, माफ करा. मी तुमची मुलगी नाहीये हो."



"मला कधीच कळलंय, बाळा," पलीकडून तितक्याच हळू आवाजात उत्तर आलं. "तुझ्या सरांना अजून पटत नाहीये, म्हणून करते मी फोन."