हर्षलाच्या चमकत्या पेशी

मुंगीच्या डोळ्यातल्या कुसळाचे लाख तुकडे करावेत, तेवढे बारीक कण हर्षलानं पेशींना गिळायला लावले होते. कण मोठे इरसाल! दिव्याखाली हिरवे चमकायचे आणि लोहचुंबक दिसलं की माहेर दिसल्यासारखे धावायचे. म्हणजे पेशी हरवतील कशा? त्या तिनं उंदराच्या दुखावलेल्या हृदयात, ते बरं करायला, सोडल्या. आधीचे सगळे उंदीर वाया गेले होते. हा शेवटचा, इथंही पेशी मेल्या, तर काम बंद.

आज त्या हृदयाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली हिरवागार झगमगत होता.

“जगल्या गं बाई तुझ्या पेशी!” भडसावळे सर ओरडले. “आता तरी हस. सुतक असल्यासारखी काय बसलीस?”

हर्षलाला हसू येईना. मेलेलं खाऊन साफ करणाऱ्या पेशीही अंगात असतात, गिधाडांसारख्या. त्या ओळखू याव्यात म्हणून तिनं त्यांना लाल रंग लावला होता. देवा, हिरवं लालात नको, एवढ्या वेळी तरी नको, असं पुटपुटत तिनं लालही दाखवणारा दिवा लावला.

एकूण एक हिरवा ठिपका लाल पेशीच्या पोटात होता. तिच्या पेशी केव्हाच मेल्या होत्या. चमकत होते ते खाणाऱ्यांच्या पोटातले कण.

सर दारात पोचले होते. “अगं, पेढे मागवू ना?”

तिनं लाल घालवलं आणि नुसतं हिरवं घटकाभर डोळे भरून पाहिलं. मग लाल परत आणून खुर्ची मागं सरकवली.

“पेढे राहू द्या, सर. आधी इथं येऊन बघा.”