तीन छर्रे

साखरेनं सयाजीरावांची नजर गेली त्याला वर्ष झालं. एसटीच्या वीतभर गाड्या करून रंगवायचा त्यांना छंद होता. शेवटी त्यांच्या बायकोनं, वर्षाराणीनं, रंगांचा डबा विकायला काढला. उचगावचा सोहेल डबा बघायला आला, तेव्हा सयाजीराव आतल्या खोलीत पडून होते.

"त्यांना सांगितलं न्हाय मी," वर्षाराणी हळूच म्हणाली. "डोळंच गेलं, आता रंगांचं काय लोणचं घालायचं? वाळायच्या आत कुणाच्या तरी कामाला येऊ देत."

बाटल्यांवर उघडल्याच्या तारखा लिहिलेल्या होत्या, सगळ्या तीन वर्षांपूर्वीच्या. सोहेलनं एकेक बाटली उघडून काडीनं तळ खरवडला. काडीला गाळ लागलाच नाही.

"वहिनी, वर्षभर पडून राहिलेला रंग तळाला दगडासारखा बसतो. ह्या बाटल्या कुणीतरी रोज हलवतंय की."

"कोण हलवणार? मी हात लावत न्हाय, आणि त्यांना तर दिसत न्हाय."

सोहेलला आणखी एक गोष्ट खटकली. रंग नीट ढवळावा म्हणून बाटलीत बेअरिंगचा छर्रा टाकतात, पण एक पुरतो. इथं लाल बाटलीत एक होता, पिवळ्या बाटलीत दोन आणि निळ्या बाटलीत तीन.

"एवढे कशाला घातलेत?" म्हणत त्यानं निळी बाटली झाकण लावून खळखळ हलवली.

आतल्या खोलीतनं आवाज आला, "वर्षा, निळा कुणी उचलला गं?"