रंग जसेच्या तसे

करडं कार्ड. पोपटी साडी. पांढरी भिंत. जांभळा गाल.

एका कुटुंबाच्या फोटोची कॅमेऱ्यातली मूळ, रॉ फाइल उघडून मी रंग जुळवत होतो. त्या घरातल्या काकू मागून वाकल्या. "दादा, कॅमेऱ्याला कावीळ झालीय का तुमच्या? सुनेचा गाल बघा कसा आलाय!"

"काकू, रंग खरे यावेत म्हणूनच फोटोत करडं कार्ड धरलं होतं, त्यावरून जुळवलेत. साडी, भिंत, सगळं जसंच्या तसं आहे."

"हात लागला असेल माझा जरा," त्यांचा मुलगा फिदीफिदी हसला. "पुसा की."

"घरातलं घरात राहिलेलं बरं," काकूंनी री ओढली.

किळस येऊन मी माउसवरचा हात काढला.



फोटोला बसण्याआधी माझ्याकडून ओला रुमाल मागून घेऊन गालावरची पावडर सुनेने स्वतः पुसली होती.