लख्ख वाडगा

धावण्याची शर्यत जवळ आली तसं लेकीने घरचं जेवण बंदच केलं. शेवटी आईने हात टेकले आणि तिला चालेल ते आणलं, मॅकरोनी-चीजची पाकिटं. लेक पाकिटावरचा तक्ता मोठ्याने वाचायची, वजनकाट्यावर मॅकरोनी तोलून घ्यायची. "दहा ग्रॅम प्रोटीन आहे यात, आई. आता तरी निर्धास्त राहा." मग वाफाळता वाडगा घेऊन खोलीत जायची, मागोमाग कुत्रा शिरायचा आणि दार बंद व्हायचं. कुणी बघत बसलं की घास उतरत नाही म्हणायची.

आई बिचारी तेवढ्यावरही खूश होती. वाडगा रोज चाटूनपुसून लख्ख परत यायचा. ट्रॅकसूट अंगावर लोंबायला लागला तेव्हाही तिने स्वतःची समजूत घातली, पळणारी पोर, अंगाला काय लागणार.

रविवारी दोघी कुत्र्याला लस टोचायला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, मागची नोंद काढली आणि हसले.

"महिन्यात चार किलो वाढलाय. कुणाच्या वाटणीचं खातोय हा?"