दुभाष्याचा ‘मी’

"गॅस झालाय. गोळी घेऊन घरी जा म्हणावं," तरुण डॉक्टर लिंडग्रेन म्हणाला आणि त्याने घड्याळ बघितलं. बाहेर चाळीस जण खोळंबले होते.

गुलेदने खाटेवरच्या एब्ला आत्याला सोमालीत तेवढंच सांगितलं. मिनियापोलिसच्या त्या इस्पितळात तो दुभाष्या होता. पदरचं काही घालायचं नाही, आणि रोगी ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं, हा नियम. एकदा न राहवून त्याने औषधातली चूक दाखवली, तर शाबासकीऐवजी लेखी ताकीद मिळाली. पुन्हा मधे बोलला की नोकरी गेली.

तिकडे सोमालियात, मोगादिशूत, याच माणसाने बावीस वर्षं पोटं फाडून जीव वाचवले होते. इथल्या सगळ्या परीक्षाही पास झाला. पण पुढच्या प्रशिक्षणाला कुठलंच इस्पितळ घेईना. पदवी जुनी झाली म्हणे. पदवी म्हणजे काय पाव आहे, बुरशी यायला?

आत्या कळवळत होती. पोट हाताला मऊ, पण दुखणं जीवघेणं. आणि मॉनिटरच्या पडद्यावर नाडी बेताल. आतड्याची रक्तवाहिनी तुंबली असणार, हे गुलेदला लख्ख दिसत होतं. घरी गेली तर उद्याची सकाळ बघणार नव्हती. आणि आपण पोपटासारखे गॅस-गॅस करतोय! त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"गॅस?" आत्या भडकली. "माझ्या नवऱ्याचं पोट तूच शिवलंस ना तिकडे? मग सांग, हा गॅस आहे? बोल की मेल्या! माझ्या नावावर बोल!"

गुलेद वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "माझं पोट मऊ आहे, पण दुखणं जीव घेतंय. नाडी वेडीवाकडी चाललीय. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी असणार. आत्ताच्या आत्ता स्कॅन करा. घरी पाठवलंत तर मी मरेन."

लिंडग्रेनचा चेहरा उतरला. त्याने पडद्याकडे पाहिलं, आत्याचं पोट पुन्हा दाबलं, मग फोन उचलून स्कॅन सांगितला, सर्जनला बोलावलं. फोन ठेवून म्हणाला, "विचार यांना, हे सगळं कुठे शिकल्या?"

गुलेदने आत्याला काहीच विचारलं नाही. नोकरी गेली खड्ड्यात.

"मी डॉक्टर आहे," लिंडग्रेनच्या डोळ्याला डोळा भिडवून तो म्हणाला. "मोगादिशूत बावीस वर्षं शस्त्रक्रिया केल्या."

लिंडग्रेन त्याला बाजूला सारून खाटेशी गेला. आदराने आत्याचा हात हाती घेत म्हणाला, "इथे डॉक्टरांचा दुष्काळ पडलाय, आणि मॅडम, तुम्ही घरी बसलात?"