रविवारचा मासा

"आणखी एक गेला," म्हणत घड्याळजी नेहमीच्या स्टुलावर बसले.

दुकानदारिणीने हातातली जाळी खाली ठेवली. शोभेच्या माशांच्या धंद्यात तिने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. दर रविवारी नेमाने मयताची वर्दी देणारं हे एकच. आधी त्यांनी बोटाच्या पेराएवढे सहा निऑन मासे नेले. मग एकतीस रविवार, मेलेल्याच्या जागी एकेक. सदतीस मासे त्या घरात गेले होते आणि तिच्या हिशेबाने आता पाच उरले होते.

"काका, हात आहे की यमाचा फास?"

"याच हातांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, ताई."

त्यांनी बाटलीतून आणलेलं टाकीचं पाणी तिने तपासलं. आजही चोख. तिला घोर होता तो याचाच. पाणी चांगलं, तर खोट तिच्या माशांत? रोग निघाला तर दुकानातल्या सगळ्या टाक्या उपसाव्या लागतील.

"मेलेला आणा म्हटलं होतं ना?"

"कुंडीत पुरला. लक्षातच राहिलं नाही बघा."

मध्यंतरी त्यांनी दुप्पट मोठी टाकी नेली होती. माशांच्या खाण्याचा डबाही हल्ली महिनाभर पुरत नव्हता. म्हातारा लाडाने चारून चारून मारतोय, असं तिने मनाशी ठरवलं.

"आज मासा मिळणार नाही. आधी टाकी बघते. चला."

तिने दिलेला चहा घड्याळजींनी न पिताच खाली ठेवला. "एवढ्यासाठी कशाला त्रास? पुढच्या रविवारी मीच येतो की."

"मरायला मासे देत नाही मी. पुढचा रविवार विसरा."

शटर अर्धं ओढून ती त्यांच्यामागे निघाली. एरवी दुकानात तासभर ज्यांचं तोंड मिटत नसे, ते तीन जिने चढताना प्रत्येक वळणावर किल्ली शोधत थांबले.

खोलीत एक खुर्ची. ओट्यावर एक कप पालथा घातलेला. भिंतीवर सात घड्याळं, सगळी सेकंदाला सेकंद जुळलेली. कोपऱ्यात टाकी, अंधारात.

"दिवा लावा."

"राहू द्या ना, ताई."

तिनेच बटण दाबलं. निळ्या-लाल रेघा एकदम पेटल्या. पळते मासे मोजायची तिच्या नजरेला सवय होती, तरी तिने काचेवर बोट ठेवून पुन्हा मोजले.

सदतीसच्या सदतीस.